वखराच्या पासेची धार

मृग जवळ आला की कारंज्यातल्या लोहारांकडे वखराच्या पासा, फाळ, विळे यांची रास लागते. भात्याच्या जागी विजेचा पंखा आला. ऐरण, घण, सांडशी तीच. मी बसलो तेव्हा भट्टीत ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्याचा तुकडा तापत होता. तांबड्याचा नारिंगी झाला तसा तो ऐरणीवर आला आणि घणाखाली पसरू लागला.

मिठाच्या खड्यावर असा घाव घातला तर चुरा होईल. लोखंड पसरते, कारण त्याच्या अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एकाचे राहत नाहीत; तुकडाभर फिरतात आणि साऱ्या अणूंना धरून ठेवतात. थर सरकले तरी बंध टिकतो.

“लय तापलं त जयते, भाऊ,” लोहार म्हणाला. त्याच्याकडे तापमापक नाही, रंग आहे. शुद्ध लोखंडात 912 अंश सेल्सिअसला अणूंची मांडणीच बदलते. पोलादात कार्बनमुळे त्याआधीच. या मांडणीत कार्बनला भरपूर जागा मिळते. मग धार पाण्यात बुडते, मांडणी उलटते आणि कार्बनला बाहेर पडायला वेळच उरत नाही. तो अडकतो, थरांचे सरकणे रोखतो. धार कठीण होते, पण ठिसूळही.

खरे कसब इथून पुढे, ठिसूळपणा कमी करून कठीणपणा राखण्यात. त्याने फक्त कड बुडवली होती; मागचा भाग गरमच होता. विटेच्या तुकड्याने कड घासून चकचकीत केली आणि तो बघत राहिला. त्याच फिरत्या इलेक्ट्रॉनांनी मागची उष्णता कडेकडे आणली. आधी फिकट पिवळा रंग सरकत आला, साधारण 230 अंशांचा, मागून तपकिरी, मग जांभळी झाक. तेवढ्यात पास पुन्हा पाण्यात. 300 अंशांच्या आसपासचा निळा कडेपर्यंत पोचला असता तर धार मऊ पडली असती. ही दोन-चार क्षणांची पारख मला कुठल्याही प्रयोगशाळेतल्या कामाइतकीच मोलाची वाटते. विदर्भाला लोखंडाचे काम परकेही नाही; नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडच्या उत्खननात खनिजापासून लोखंड काढण्याची सुमारे 2700 वर्षांपूर्वीची भट्टी सापडली आहे.

हल्ली पुष्कळजण घरीच ग्राइंडरवर धार लावतात. लावा, पण थांबत थांबत, पाण्यात बुडवत. कड निळी दिसली तर तिथले पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरला समजा, आणि पेरणीआधी पास लोहाराकडे न्या.