ट्रायकोग्रामाची कुळकथा

उसाच्या पानामागें टांचलेला पुठ्ठ्याचा लहानसा तुकडा शहरांतील माणसाच्या सहसा दृष्टीस पडत नाहीं. त्यावर तांदळाच्या पतंगाचीं हजारों अंडीं चिकटविलेलीं असतात. खसखशीहूनहि बारीक असलेलीं हीं अंडीं काळीं पडलेलीं दिसतात, कारण त्यांच्या पोटांत पतंगाची अळी नसून भलत्याच प्राण्याची संतति वाढत असते. हा प्राणी म्हणजे ट्रायकोग्रामा नांवाची, लांबीनें सुमारें अर्धा मिलिमीटर भरणारी, परोपजीवी गांधीलमाशी. गांधीलमाशी म्हटली कीं डंख आठवतो. परंतु हिचा मनुष्यास कसलाहि उपद्रव नाहीं. पुठ्ठ्यावरून निघालेली मादी खोडकिड्याचीं अंडीं हुडकते व त्यांत स्वतःचें अंडें घालते. तिची अळी तें अंडें आंतून खाऊन टाकते. पीक पोखरणारा किडा जन्मासच येत नाहीं.

हें सारें ऐकावयास सोपें आहे. अडचण आहे ती ओळख पटविण्याची. ट्रायकोग्रामा हें एका किड्याचें नांव नसून आडनांवासारखें आहे, आणि तें लावणाऱ्या जाति दोनशेंहून अधिक आहेत. प्रत्येकीची आवड निराळी. उसाच्या खोडकिड्यावर किलोनिस ही जात सोडतात, तर भाताच्या खोडकिड्यावर जॅपोनिकम. नुसत्या डोळ्यांस दोन्ही धुळीच्या कणासारख्या!

जुन्या शास्त्रज्ञांनीं रंग व आकार यांवरून जाति ठरविल्या, आणि तेथेंच फसगत झाली. उष्ण हवेंत वाढलेला किडा फिकट, थंडींत वाढलेला काळसर. मोठ्या अंड्यांत वाढलेला मोठा, लहान अंड्यांतला खुजा. इ. स. १९३७ सालीं इंग्लंडांत जॉर्ज सॉल्ट यांनीं तर असें दाखविलें कीं, एकाच जातीचा नर पतंगाच्या अंड्यांतून निघाला तर त्यास पंख असतात, आणि पाण्याकांठच्या सायालिस नांवाच्या माशीच्या अंड्यांतून निघाला तर नसतात. अशा दोन भावांस कोणी दोन जातींचे ठरविलें असतें, तर त्यास दोष कसा द्यावा? परिणाम असा झाला कीं, अनेक वर्षें निरनिराळ्या जाति ‘मिनुटम’ किंवा ‘इव्हानेसन्स’ या एकाच नांवाखालीं पोसल्या व सोडल्या गेल्या. प्रयोग फसला म्हणजे दोष हवेचा, कीं भलतीच जात सोडल्याचा, हें कळावयास मार्ग नव्हता.

हा गुंता सुटूं लागला तो बंगलोरास. तेथें सुधा नागरकट्टी व एच. नागराज यांनीं १९६८ सालीं संकराचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि १९७१ सालीं नराच्या जननेंद्रियाची घडण हीच जातीची खरी खूण होय, असें साधार मांडलें. ही खूण सूक्ष्मदर्शकाखालींच दिसते. पण रंगाप्रमाणें ती हवेबरोबर बदलत नाहीं. जगभरच्या अभ्यासकांनीं ती पुढें प्रमाण मानली, ही गोष्ट मराठी घरांत फारशी ठाऊक नाहीं.

तरीहि एक पेंच उरला. माद्यांचें काय? आणि कांहीं वंशांत तर नर जन्मतच नाहींत! या कीटकांत एरवीं फलित अंड्यापासून मादी व अफलित अंड्यापासून नर होतो. परंतु वोल्बॅकिया नांवाचे जंतु मादीच्या शरीरांत वस्तीस असले, तर अफलित अंड्यांतूनहि मादीच निपजूं शकते. अशा माद्यांस जंतुनाशक औषध चारलें असतां त्यांस पुत्र होऊं लागतात, हें १९९० सालीं दिसून आलें. येथें ओळख पटवितो तो पेशींतील डीएनए. त्याच्या एका ठराविक तुकड्याची लांबी व रचना जातीजातींत भिन्न असते. म्हणून एकटी मादीहि आपली जात सांगूं शकते. शिवाय असे तुकडे ताडून पाहिले म्हणजे कोणती जात कोणाची सख्खी बहीण व कोणती चुलत, हेंहि उमगतें.

कीटक वाढविणाऱ्या शाळेंत याचें महत्त्व फार आहे. मूठभर माद्यांपासून पिढ्यान्‌पिढ्या पेटींतच वाढविलेल्या वंशांत आनुवंशिक विविधता आटत जाते. आयत्या अंड्यांस सोकावलेली मादी शेतांत शोध घेण्यास उणी पडूं शकते. म्हणून शेतांतील ताजे कीटक आणून मूळ वंशांत मिसळावे लागतात. पण आणलेले कीटक दिसावयास तेच आणि जातीनें परके असले, तर मीलन झालें तरी अंडीं अफलित राहूं शकतात, आणि मग निपजतात ते केवळ नर. पुठ्ठा भरलेला असतो, त्यांतून किडेहि निघतात, शेतकरी पैसेहि मोजतो. आणि खोडकिडा ऊस पोखरीत राहतो, कारण अंड्यास भोंक पाडणारें अवजार नराजवळ नसतें.