पाठीतील पाण्याची तपासणी : भीती मोठी, धोका कमी

'पाठीतले पाणी काढावे लागेल' असे डॉक्टरांनी म्हणताच नातेवाइकांच्या मनात पहिली शंका येते ती पाय लुळे पडण्याची. या भीतीपोटी संमतीपत्रावर सही नाकारली जाते आणि मेंदूज्वराच्या निदानातील मोलाचे तास वाया जातात.

शरीररचना पाहता ही भीती बव्हंशी अनाठायी आहे. प्रौढांमध्ये मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई घातली जाते ती त्याखाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील फटीतून. तेथे द्रवात सैल तरंगणारी मज्जातंतूंची मुळे असतात. काढला जाणारा द्रव साधारण १० मिलिलिटर; शरीर दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नवा द्रव तयार करते. जर्मनीतील हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत मांडली.

नेहमीचा त्रास म्हणजे डोकेदुखी. ती उठून बसल्यावर वाढते, आडवे होताच उतरते. 'लॅन्सेट'मधील २०१८ च्या आढाव्यानुसार धारदार सुईने ११ टक्के, तर बोथट टोकाच्या सुईने ४.२ टक्के रुग्णांना ती झाली. तरीही अनेक ठिकाणी भर असतो तो रुग्णाला तासन्‌तास उताणे झोपवण्यावर, ज्याने ही डोकेदुखी टळत नाही!

मेंदूत गाठ असल्यास किंवा दाब वाढल्याची लक्षणे दिसल्यास मात्र आधी सीटी स्कॅन आवश्यक ठरतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती डॉक्टरांना सांगावीत. स्कॅनला विलंब होणार असेल, तर मेंदूज्वराच्या संशयित रुग्णाची प्रतिजैविके त्यासाठी रोखून धरली जात नाहीत.