मुक्त संगणन, लेखांक ८ : खिशातील लिनक्सची किल्ली

गेल्या लेखांकात आपण जीपीएल या परवान्याची प्रमुख कलमे पाहिली आणि १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी आरंभिलेल्या ग्नू प्रकल्पापासून, हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी जगाला कळविलेल्या कर्नलपर्यंत, मुक्त आज्ञावलीची वाट कशी आली हे तपासले. ती सारी चर्चा टेबलावरील संगणकाला धरून होती. परंतु गडचांदूर, कोरपना, जिवती या टापूत असा संगणक किती घरांत आहे? सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, कापसाचा भाव पाहणारा शेतकरी, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी जिवतीच्या पहाडावरील मुलगी आणि निराधार योजनेचे पैसे खात्यात जमा झाले की नाही हे नातवाकडून बघून घेणारी आजी, या सर्वांचा संगणक म्हणजे हातातला मोबाइल. तेव्हा मुक्त आज्ञावलीविषयी आम्ही लिनक्सचे अभिमानी जे काही सांगत आलो, त्याची कसोटी या मोबाइलवरच लागली पाहिजे.

प्रथम एक वस्तुस्थिती, जी मोबाइलच्या दुकानात दिवसभर बसणाऱ्या पोरांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. अँड्रॉइडच्या प्रत्येक हँडसेटमध्ये लिनक्स आहे. सेटिंग्जच्या तळाशी फोनविषयीची माहिती देणारा भाग उघडावा, तेथे अँड्रॉइडच्या आवृत्तीवर बोट ठेवावे, म्हणजे कर्नलच्या नावाखाली ४.१९ किंवा ५.१० अशा अंकांनी सुरू होणारी एक लांबट ओळ दृष्टीस पडते. तो अंक टॉरवल्ड्स यांच्या त्याच कर्नलच्या वंशावळीतला आहे. स्मृतीचे वाटप, बॅटरीची काटकसर, स्पर्शाची नोंद, कॅमेऱ्याचे चालणे, ही सारी कामे ज्याच्या हुकमतीखाली होतात तो हा कर्नल, आणि जगभरच्या हजारो लेखकांनी तो उघड्यावर, एकमेकांच्या चुका दाखवीत लिहिला आहे. त्याच्या शेजारीच कायदेशीर माहितीच्या पोटात परवान्यांची जी प्रदीर्घ यादी आहे ती सहसा कोणी उघडीत नाही. पण माझ्या मते प्रत्येक वाचकाने ती एकदा तरी खाली सरकवीत पाहावी, कारण हे यंत्र किती अनाम माणसांच्या दातृत्वावर उभे आहे याचा तो अस्सल दस्तऐवज आहे.

मग हा मोबाइल मुक्त झाला काय? झाला नाही, आणि का झाला नाही हे नीट समजून घेणे हाच आजच्या लेखांकाचा विषय आहे.

गूगलने अँड्रॉइड नावाची छोटी कंपनी २००५ साली विकत घेतली आणि २००८ साली त्या प्रणालीचा पहिला हँडसेट बाजारात आला. या प्रणालीचा पाया जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखालील लिनक्स कर्नल हा असला, तरी त्यावरील बहुतेक इमारत अपाची नामक परवान्याखाली रचलेली आहे. आणि या दोन परवान्यांत महदंतर आहे. जीपीएल म्हणते की फेरफार करून वस्तू दुसऱ्याच्या हाती दिलीस तर त्या फेरफाराची मूळ संहिताही दे. अपाची परवाना अशी सक्ती करीत नाही, त्यामुळे घेणारा वाटेल तेवढे बदल करून ते दाराआड ठेवू शकतो. हँडसेटच्या कंपन्यांनी नेमके हेच केले. शिवाय प्ले स्टोअर, नकाशे इत्यादी ज्या सेवांवाचून सामान्य ग्राहक हँडसेट घेणार नाही त्या गूगलने मुक्त संहितेच्या बाहेर, स्वतःच्या कराराखाली ठेवल्या. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी या व्यवहाराबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि पुढील वर्षी अपील न्यायाधिकरणाने, आयोगाचे काही आदेश रद्द केले तरी, दंड मात्र कायम केला. बाजाराच्या दृष्टीने ते प्रकरण मोठे आहे. पण ज्या अडचणीचे मला अधिक वाटते ती याहून खोल, कर्नलच्या उंबरठ्यावरच आहे.

अमेरिकेत टिव्हो नावाचे दूरचित्रवाणीचे कार्यक्रम साठवून ठेवणारे यंत्र निघाले होते. त्यात लिनक्स होता, आणि कंपनीने परवान्याबरहुकूम त्याची संहिता प्रसिद्धही केली होती. मात्र यंत्र सुरू होताना आतील आज्ञावलीवर कंपनीची अंकीय स्वाक्षरी आहे की नाही हे तपासले जाई, आणि ग्राहकाने स्वतः सुधारलेला कर्नल बसविला तर यंत्र तो चालविण्यास साफ नकार देई. अक्षर पाळून आशय मोडण्याचा हा प्रकार स्टॉलमन यांच्या लक्षात आला, आणि २९ जून २००७ रोजी प्रसिद्ध झालेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी असे कलम घातले की घरगुती वापराच्या उपकरणात ही आज्ञावली विकणाराने, सुधारलेली प्रत त्यात बसविण्यास आवश्यक ती माहिती, म्हणजे प्रसंगी किल्लीसुद्धा, ग्राहकास दिली पाहिजे. टॉरवल्ड्स यांनी हे मानले नाही. सुधारलेली संहिता समाजाकडे परत यावी एवढेच आपले मागणे आहे, यंत्र कसे बनवावे हा ते बनविणाऱ्याचा प्रश्न आहे, असे त्यांचे म्हणणे. आणि कर्नल आजतागायत दुसऱ्याच आवृत्तीखाली राहिला. टॉरवल्ड्स यांच्याविषयी मला नितांत आदर आहे आणि त्यांच्या भूमिकेमुळेच कंपन्या कर्नलकडे निर्धास्तपणे वळल्या हेही मला मान्य आहे; तथापि या एका बाबतीत स्टॉलमन यांची दृष्टी दूरची होती असे माझे स्पष्ट मत आहे, कारण जे टिव्होने काही लाख घरांत केले तेच पुढे मोबाइलच्या कंपन्यांनी अब्जावधी खिशांत केले.

हक्क कागदावर मिळणे आणि तो बजावता येणे यांतील अंतर आमच्या अरण्यप्रदेशाला कोणी शिकवावे लागत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला; बांबू हे गौण वनोपज आहे असे तो कायदा स्वच्छ सांगतो; तरीही तोडलेला बांबू गावाबाहेर नेण्यास लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती राहिल्याने तो हक्क दफ्तरी पडून होता, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते परवानापुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले तेव्हाच त्यात जीव आला. मोबाइलच्या कर्नलची संहिता आज आपणास मिळते, निदान मिळाली पाहिजे असा परवाना आहे. परवानापुस्तक मात्र कंपनीच्या कपाटात आहे.

हे कपाट म्हणजे बूटलोडर. हँडसेट चालू करताच सर्वप्रथम जागी होणारी आणि पुढे कोणाला आत घ्यायचे ते ठरविणारी ती लहानशी आज्ञावली होय. सेटिंग्जमध्ये बिल्ड क्रमांकावर सात वेळा बोट टेकविले की डेव्हलपरसाठींचे पर्याय खुले होतात आणि त्यांत ओईएम अनलॉकिंग नावाचे एक बटण असते. काही हँडसेटवर ते सरकते, काहींवर ते फिकट होऊन निर्जीव पडलेले असते, तर काहींवर मुळीच नसते. सरकले तरी पुढे संगणकाला जोडून कुलूप काढताना हँडसेटमधील सर्व मजकूर पुसला जातो, दर वेळी सुरू होताना धोक्याची सूचना झळकते आणि बँकांची काही अ‍ॅप चालण्यास नकार देतात.

येथे आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. कुलूप नसेल तर चोराने पळविलेल्या हँडसेटमध्ये वाटेल ती आज्ञावली घुसविता येईल, मधल्या कोणी दुरुस्तीच्या मिषाने हेरगिरीचा किडा सोडील, आणि सामान्य माणसाला त्याचा सुगावाही लागणार नाही. मला हे पूर्णतः मान्य आहे, कुलूप हवेच. वाद आहे तो किल्लीबद्दल. गूगलच्याच पिक्सेल हँडसेटवर मालकाला बूटलोडर उघडून, स्वतःची किल्ली नोंदवून, कुलूप पुन्हा लावता येते. म्हणजे सुरक्षितता आणि मालकी एकत्र नांदू शकतात हे सिद्ध झाले आहे. इतरांना ते करवत नाही याचे कारण तांत्रिक नाही.

आता हे सारे तात्त्विक वाटणाऱ्या वाचकांसाठी आमच्याच मुलखातली एक गोष्ट तपशिलाने सांगतो. गडचांदूर ज्या राजुरा तालुक्यात होते तो तालुका पूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडकडे आला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. सरहद्द बदलली तरी दोन्हीकडचे गोंड आणि कोलाम यांची सोयरीक, जत्रा आणि भाषा काही बदलली नाही. त्याच आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला गावात हैदराबाद विद्यापीठाचे प्राध्यापक जयधीर तिरुमल राव यांच्या चमूला गोंडीची सुमारे डझनभर हस्तलिखिते मिळाली, ती इ.स. १७५० च्या सुमाराची मानली जातात, आणि त्यांत महिन्यांची व वारांची नावे, अंक, व्याकरण असा मजकूर एका स्वतंत्र लिपीत लिहिलेला आहे. याखेरीज बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली रचलेली आणखी एक गोंडी लिपी आहेच. गोंडीचे बहुतेक लेखन आजही देवनागरीत किंवा तेलुगूत होते हे खरे. पण २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख लोकांनी जी आपली मातृभाषा सांगितली, तिला स्वतःच्या लिपीत लिहिण्याची आकांक्षा असणे यात गैर काय?

संगणकावर लिपी उमटण्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात. प्रत्येक अक्षराला युनिकोडच्या जागतिक नोंदवहीत क्रमांक, त्या क्रमांकाची आकृती दाखविणारा फॉन्ट, मात्रा आणि जोडाक्षरे जागच्या जागी बसविणारे यंत्र, आणि टंकलेखनासाठी कळफलक. देवनागरीला पहिला मान १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत लाभला. गोंडीला सव्वीस वर्षे थांबावे लागले. अंशुमन पांडे या अभ्यासकाच्या प्रस्तावांवरून मसराम लिपीची ७५ चिन्हे २०१७ साली आणि गुंजाला लिपीची ६३ चिन्हे २०१८ साली नोंदली गेली. नोटो या मुक्त फॉन्टमालेत दोन्ही लिपींचे फॉन्ट तयार झाले, आणि अक्षरांची मांडणी करणारे हार्फबझ हेही मुक्तच असल्याने तिसरी गरज भागली.

माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर पुढचे काम किती होते? फॉन्टची फाइल माझ्या निर्देशिकेतल्या फॉन्टच्या कप्प्यात ठेवायची, त्यांची यादी नव्याने करण्याची एक आज्ञा द्यायची. आणि जेथे रिकाम्या चौकटींची रांग होती तेथे गुंजालाची वळणदार अक्षरे उभी राहतात. कोणाची परवानगी नाही, कोणाला अर्ज नाही. आता तोच मजकूर संदेशातून एखाद्या जुन्या मोबाइलवर पाठवावा. आत कर्नल लिनक्सचाच, हार्फबझही तेच. तरीही पडद्यावर चौकटीच दिसतात, कारण प्रणालीचे फॉन्ट ज्या भागात राहतात तेथे लिहिण्याची मालकाला मुभा नसते. अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्त्यांच्या मूळ संचात हे दोन्ही फॉन्ट समाविष्ट झाले आहेत, परंतु जुन्या हँडसेटला कंपनीने ती आवृत्ती दिलीच नाही तर ते यायचे कोठून? दोन-तीन वर्षांत सुधारणा थांबवून ग्राहकाला नवा माल घ्यायला लावण्याची वहिवाट स्वस्त हँडसेटमध्ये विशेष आहे, आणि आमच्याकडे विकले जातात ते बहुतेक स्वस्तच. गडचिरोलीतील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी शिक्षणासाठी स्वतःची शाळा काढली. अशा शाळेतील मुलांच्या हाती घरातला टाकून दिलेला जुना मोबाइल येतो, आणि नेमका तोच त्यांच्या लिपीस मुका असतो. मला याचा मनापासून विषाद वाटतो, कारण यात कमतरता ज्ञानाची नाही की पैशाची नाही. फॉन्ट फुकट आहे, यंत्र समर्थ आहे, केवळ किल्ली नाही.

अशा जुन्या हँडसेटना दुसरे आयुष्य देण्याचे काम लिनिएजओएस हा प्रकल्प २०१६ च्या अखेरीपासून करीत आहे. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या कित्येक मॉडेलांवर स्वयंसेवक नवे अँड्रॉइड बसवून देतात. पण दोन अटींवर. बूटलोडर उघडता आला पाहिजे, आणि कंपनीने कर्नलची संहिता प्रामाणिकपणे दिलेली असली पाहिजे. एवढे झाल्यावरही मोडेम आणि चित्रप्रक्रियेची चिप यांच्या बंदिस्त आज्ञावल्या कंपनीच्याच वापराव्या लागतात.

मोझिलाने फायरफॉक्स ओएस काढून यापलीकडे जाण्याचा प्रयत्न केला होता. २०१४ साली भारतात इंटेक्सचा तसा हँडसेट १,९९९ रुपयांना मिळत होता. तो अत्यंत मंद होता आणि मोझिलाने लवकरच हे काम सोडले. पण संहिता मुक्त असल्यामुळे ती प्रवर्तकाबरोबर संपली नाही. तिच्यातून कायओएस निघाले आणि २०१७ साली १,५०० रुपयांच्या अनामतीवर मिळालेल्या जिओफोनमधून खेडोपाडी पोचले. त्या फोनच्या मालकालाही किल्ली मिळाली नाही, हे मात्र नमूद केले पाहिजे.

म्हणून नवा अथवा जुना हँडसेट घेणाऱ्या वाचकाला माझे सांगणे असे की, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारून झाल्यावर दुकानदाराला आणखी तीन प्रश्न विचारावेत: सुधारणा किती वर्षे मिळणार, बूटलोडर उघडता येतो काय, आणि हे मॉडेल लिनिएजओएसच्या यादीत आहे काय. बहुतेक दुकानदारांना उत्तर देता येणार नाही. विचारणारे वाढले तर ते कंपनीच्या वितरकाला विचारतील. ज्यांना हँडसेट बदलायचाच नाही त्यांनी निदान एफ-ड्रॉइड हे मुक्त अ‍ॅपांचे भांडार बसवावे. त्यासाठी कुलूप उघडावे लागत नाही. ते कसे बसवावे, त्यातील कोणती अ‍ॅप मराठीत वापरता येतात आणि नेट नसलेल्या पहाडी गावांत त्यांतील नकाशे कसे चालतात, हे पुढील लेखांकात पाहू.