समुद्रघोड्याचें घर आणि पाण्याची गति

समुद्रघोडा म्हटला कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें पाणघोडा उभा राहतो. हा घोटाळा केवळ नांवाचा. पाणघोडा हें आफ्रिकेंतील नद्यांत राहणारें धिप्पाड जनावर. समुद्रघोडा हा जेमतेम वीतभर उंचीचा मासा. त्याला ना दांत, ना जठर. पोहण्यांत तर तो अगदींच कच्चा. त्याच्या पाठीवरील इवलासा पर सेकंदास सुमारें ३५ वेळां फडफडतो, तरी हे महाशय फारसे पुढें सरकत नाहींत! म्हणूनच ते शेपटीनें गवताची काडी धरून बसतात.

अशा प्राण्यासाठीं कांचेच्या टाकींत पाणी कसें खेळवावें, हा आजचा विषय. आपल्या देशांत २००१ सालापासून कायद्यानें त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणें हा गुन्हा होय, आणि तें योग्यच आहे. अमेरिकेंत मात्र टाकींतच जन्मलेले समुद्रघोडे लोक घरीं पाळतात. हवाई बेटांत कोना येथें १९९८ पासून त्यांची पैदास होत आहे. तेथील अनुभवच मी आज आपणांपुढें मांडणार आहें.

पूर्वीं पाळणाऱ्यांस असा उपदेश करीत, कीं पाणी होतां होईल तों निश्चल ठेवा, बिचारा वाहून जाईल. उपदेश दयेपोटींच केलेला, पण त्यानें जीव गेले. जठर नसल्यामुळें खाल्लेलें अन्न लवकर बाहेर पडतें; त्यामुळें त्याला दिवसांतून दोनतीनदां तरी खाऊं घालावें लागतें. उरलेलें अन्न आणि विष्ठा निश्चल कोपऱ्यांत सांचतात, कुजतात, आणि तेथें रोगजंतु माजतात. पाणी उबदार असल्यास ते अधिकच फोफावतात. म्हणून तें २२ ते २४ अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान राखतात.

तेव्हां पाणी वाहतें हवें, आणि घोड्याला आसराही हवा. आपल्या जुन्या घरांतील कोनाडा आठवा. घरभर वारा खेळत असतो, परंतु कोनाड्यांतील पणतीची ज्योत हालत नाहीं. टाकीची रचना नेमकी अशीच करावयाची.

आतां थोडें गणित करूं. घोड्याची उंची १५ सेंटिमीटर धरली, तर पाण्याची खोली निदान तिप्पट, म्हणजे ४५ सेंटिमीटर हवी. नरमादी उभ्यानें वर चढत जोडीनें नाचतात, आणि मादी नराच्या पिशवींत अंडीं घालते, त्याला उंची लागते. समजा, टाकी ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ६० उंच आहे. गुणाकार १६२ लिटर. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जातां सुमारें १३० लिटर पाणी राहील. तासाला त्याच्या दहापट, म्हणजे १३०० लिटर पाणी फिरलें पाहिजे. पंपावर छापलेला आंकडा मात्र खरा धरूं नये; पाणी वर चढवितांना तो बराच घटतो.

एवढें पाणी एकाच तोंडांतून सुटलें तर त्याचा मारा बसेल. यासाठीं ओळीनें भोंकें पाडलेली नळी पृष्ठाजवळ आडवी बसवून तिचा झोत समोरील कांचेवर सोडावा. झोत तेथें फुटतो, पसरतो आणि मंदावून तळावरून परततो. पृष्ठभाग हालता राहिल्यानें प्राणवायूही मिसळतो. दगडांचा ढीग कांचेला टेकवूं नये. पाठीमागून पाणी गेलेंच पाहिजे. शेपटी गुंडाळण्यास समुद्रशैवाल किंवा पंख्यासारखें प्रवाळ, कांहीं झोताच्या वाटेंत, कांहीं आडोशाला लावावें. म्हणजे निवड घोड्याची राहते. डंख मारणारें समुद्रफूल कटाक्षानें टाळावें. पंपाच्या शोषण्याच्या तोंडास स्पंज आणि पाणी तापविणाऱ्या विजेच्या कांडीस जाळी अवश्य घालावी. घोडा त्या कांडीलाच खुंटा समजून विळखा घालतो आणि भाजतो.

खाणें, म्हणजे मायसिस नांवाचे कोळंबीसारखे बारीक जीव, आडोशाच्या बाजूस एका बशींत ठेवावें. त्या वेळीं पंप पंधरा मिनिटें बंद ठेवल्यास चालतें. मात्र तो पुन्हां सुरूं करण्यास विसरूं नये!

रचना साधली कीं नाहीं, हें शेवटीं घोड्यालाच विचारावें. तो शेपटी सोडून मधूनमधून हिंडत असेल तर ठीक. दिवसभर एकाच काडीस घट्ट बिलगून राहिला, तर नळीचें तोंड थोडें वळवावें. आणि तळाच्या एखाद्या कोपऱ्यांत रोज गाळ दिसूं लागला, तर तें त्या कोपऱ्याकडे वळवावें.