शाप नव्हे, माशी

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या मराठी घरांत भांडण कुठल्या भाषेत सुरू होईल आणि कुठल्या भाषेत संपेल, याचा नेम नाही. पण एक शाप दोन्ही भाषांत शब्दाला शब्द सारखा आहे. मराठीत ‘किडे पडतील’, हिंदीत ‘कीड़े पड़ेंगे’. त्यामुळे ज्याच्या जखमेत खरोखर किडे पडतात, तो डॉक्टरकडे जाण्याऐवजी ती फडक्याने झाकून लपवतो. कुठले पाप फळाला आले, याचा विचार करत दोन दिवस जातात. आणि या रोगात सगळा खेळ दिवसांचाच असतो.

पावसाळ्यात गल्लीच्या तोंडाशी बसलेली एखादी गाय निरखून पाहा. सारखी मान झटकते, कळपापासून बाजूला राहते. शिंगाच्या बुडाशी जखम. तोंड लहान, पण लालसर पाणी आणि उग्र वास थांबत नाही. बॅटरीच्या उजेडात आत पांढरट टोके दाटीने वळवळताना दिसतात, आणि प्रत्येक टोकावर दोन काळसर ठिपके. ते डोळे नव्हेत. अळीची श्वासाची भोके आहेत. म्हणजे आपल्याला दिसते ते तिचे बूड. डोके आत मांसात रुतलेले असते.

गावाकडे याला ‘आसडी पडली’ म्हणतात. आपल्याकडची मुख्य गुन्हेगार म्हणजे क्रायसोमिया बेझियाना ही निळसर-हिरवी, चकाकणारी माशी. कचऱ्यावरच्या इतर माश्यांची पिल्ले कुजक्यावर पोसतात. हिची मात्र जिवंत मांसावरच. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले कीटकतज्ज्ञ वॉल्टर पॅटन यांनी १९२० च्या सुमारास भारतातल्या माणसांच्या आणि जनावरांच्या जखमांतल्या अळ्या तपासून तिची ही खोड उजेडात आणली. मादी जखमेच्या कडेला एका वेळी दीडशे-दोनशे अंडी घालते. दिवसभरात ती फुटतात. अंगावर काट्यांची वलये असलेल्या अळ्या स्क्रूसारख्या आत शिरतात, पाच-सात दिवस खातात आणि कोष करायला जमिनीवर गळून पडतात. तोवर जखमेच्या वासाने आणखी माद्या येतात. जखम मोठीच हवी असेही नाही. वासराची ओली नाळ, गोचिडाने चावलेली जागा, लाळ्या-खुरकुतात खुरांमध्ये पडलेली चीर, एवढे पुरते.

माणसांत ही वेळ येते ती बहुधा ज्याला कळत नाही किंवा हलता येत नाही त्याच्यावर: मधुमेहाने बधिर झालेला पाय, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची पाठ, वाहता कान. नाकाचा पीनस तर फार क्रूर. घाण वास माशीला लांबून येतो आणि रोग्याला स्वतःला येत नाही.

गंमत अशी, की हिचीच नातेवाईक असलेली ल्युसिलिया सेरिकाटा ही माशी डॉक्टरांच्या कामाची आहे. तिच्या निर्जंतुक वाढवलेल्या अळ्या कुजलेले मांस तेवढे खातात. पहिल्या महायुद्धात अळ्या पडलेल्या सैनिकांच्या जखमा स्वच्छ राहिलेल्या अमेरिकन शल्यविशारद विल्यम बेअर यांनी पाहिल्या आणि पुढे हाडांच्या जुनाट जखमांवर हा उपचार केला. अमेरिकेत २००४ पासून त्याला अधिकृत मान्यता आहे. पण आपल्या गल्लीतल्या माशीला ही सूट देऊ नका.

उपचाराचे मर्म त्या काळ्या ठिपक्यांतच आहे. टर्पेंटाइन घातले की भोके कोंडतात, अळ्या श्वासासाठी वर येतात आणि चिमट्याने एकेक काढता येतात; जोडीला आयव्हरमेक्टिन. हे काम डॉक्टरचे किंवा पशुवैद्याचे. घरी फिनेल किंवा रॉकेल ओतले तर अळ्यांआधी मांस भाजते. सीताफळाचा पाला वाटून लावण्याची रीत जुनी आहे आणि त्यात कीटकांना मारक द्रव्ये आहेत हेही खरे. पण त्याच झाडाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. शिंगाजवळ तर तो धोका पत्करूच नये.

घरात कुणी अंथरुणावर असेल तर पाठ आणि टाचा रोज उजेडात पाहा, जखम झाकलेली ठेवा. गल्लीतली गाय मान झटकताना दिसली तर १९६२ या क्रमांकावर फोन करा. फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा तो टोल-फ्री क्रमांक आहे.