कानांची साक्ष आणि दाव्यांची किंमत

संगणकावर गाणी वाजविणारी अनेक सॉफ्टवेअर्स विनामूल्य मिळतात. तरीही 'आमच्या सॉफ्टवेअरमधून तेच गाणे अधिक स्वच्छ ऐकू येते' असे सांगून पैसे आकारणारे विक्रेते आहेत आणि 'फरक जाणवतो' अशी ग्वाही देणारे ग्राहकही आहेत. हा दावा कितपत ग्राह्य मानावयाचा?

प्रथम तांत्रिक बाजू पाहू. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनी आकड्यांच्या रूपाने साठविलेला असतो. प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, असे त्याचे प्रमाण आहे. ही आकड्यांची माळ जशीच्या तशी पुढे पोहोचविणे, हे प्लेयरचे मुख्य काम. आकड्यांचे विद्युत्-लहरींत रूपांतर करणारे यंत्र वेगळे असते. दोन प्लेयरनी त्या यंत्राला तेच आकडे पुरविले, तर आवाज निराळा येण्यास कारण उरत नाही. आवाजाची पातळी, स्वरांचा समतोल किंवा संगणकाच्या यंत्रणेने वाटेत केलेले नमुन्यांचे फेरगणन यांमुळे आकडे बदलू शकतात, हे खरे. परंतु असे बदल मोजता येतात आणि बहुतेक वेळा साध्या मांडणीने टाळताही येतात.

मग फरक ऐकू का येतो? आवाज किंचित मोठा असला, तरी तो अधिक चांगला भासतो. शिवाय महाग वस्तूकडून मनाची अपेक्षाही मोठी असते. म्हणूनच झाकली परीक्षा आवश्यक ठरते. आवाजाची पातळी समान ठेवून, कोणता प्लेयर वाजत आहे हे न सांगता श्रोत्याला ओळखावयास लावावे. १६ वेळांपैकी १२ किंवा अधिक उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहूनही कमी असते. 'फूबार२०००' या विनामूल्य प्लेयरला अशा चाचणीची जोड मिळते. त्याचे निर्माते तर आपला प्लेयर इतरांहून सरस वाजत नाही, असे स्वत:च सांगतात.

याच्याशी निगडित वाद उच्च क्षमतेच्या ध्वनिमुद्रणाचा आहे. मेयर व मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे मुद्रण आणि कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाला उतरविलेले तेच मुद्रण यांतील फरक श्रोत्यांना ५५४ पैकी २७६ वेळा ओळखता आला. नाणे उडविले असते, तरी याहून वेगळे घडले नसते. जोशुआ राइस यांनी २०१६ साली अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा हे प्रमाण ५२.३ टक्के आढळले. म्हणजे फरक असलाच, तर तो अत्यल्प आहे; आणि येथे तर आकडेच भिन्न होते!

वापरूनही जिचा गुण ग्राहकाला पडताळता येत नाही, अशा वस्तूला डार्बी व कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली 'विश्वासाधारित वस्तू' या अर्थाचे नाव दिले. अशा बाजारात किंमत हीच गुणाची खूण समजली जाते आणि प्रामाणिक विक्रेता मागे पडतो. रुग्णाला किंवा मोटार दुरुस्तीस देणाऱ्याला या अडचणीतून सहजी सुटका नसते. येथे मात्र परीक्षा घरबसल्या आणि फुकट होऊ शकते. तेव्हा सिद्धतेचा भार विक्रेत्यानेच उचलला पाहिजे. झाकल्या परीक्षेचे निष्कर्ष मागणारा ग्राहक संगीताचा रसभंग करीत नाही. तो आपल्या श्रमाच्या पैशाचा हिशेब मागत असतो, आणि तो मागण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.