उन्हाळ्यात बर्फात जाताय? मग घड्याळ पाहा

४ एप्रिल २०२३ रोजी गंगटोकहून नथु ला खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिमस्खलन झालं आणि ७ पर्यटकांचा जीव गेला. परवाना तेराव्या मैलापर्यंतचाच होता, अपघात त्याच्या पुढे घडला.

एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडच्या सुट्ट्या. मनाली, सिक्कीम, उत्तराखंडचे ट्रेक याच दिवसांत भरतात. "थंडी संपली, लख्ख ऊन आहे, आता कसला धोका?" असं वाटणं साहजिक आहे. पण या मोसमात ऊन हेच मोठं कारण ठरतं.

नेमकं होतं काय?

आकाश निरभ्र असेल तर रात्री बर्फाची उष्णता निघून जाते. दिवसा ओले झालेले कण गोठून एकमेकांना घट्ट चिकटतात. त्यामुळे पहाटेचा बर्फ दगडासारखा कडक लागतो. ऊन चढलं की ही पकड सुटते. वितळलेलं पाणी आत झिरपतं, खालच्या कडक थरावर किंवा खडकावर साचतं आणि वरचा सगळा थर निसटायला मोकळा होतो. असा ओला बर्फ हिवाळ्यातल्या कोरड्या बर्फापेक्षा हळू घसरतो, पण वजनाला ओल्या सिमेंटसारखा असतो. पूर्वेकडचा उतार सकाळीच तापतो, पश्चिमेकडचा दुपारनंतर. म्हणूनच जाणते वाटाडे अंधारात निघून, ऊन तापायच्या आत खिंड ओलांडायचा आग्रह धरतात. त्यांच्याशी "जरा उशिरा निघू या" म्हणून हुज्जत घालू नका!

रात्रभर ढग असतील तर मात्र बर्फ नीट गोठतच नाही. मग पहाटे निघूनही उपयोग नाही.

कसं ओळखायचं?

पाय घोट्याच्या वर रुतू लागला, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडत येऊ लागले, की तो उतार सोडायचा. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. घरातला जिनाही साधारण ३० अंशांच्या पुढेच असतो, म्हणजे हा उतार काही भयंकर कडा वाटत नाही. आपण सपाटीवर असलो तरी वरचा उतार आपल्यावर येऊ शकतो, हे रील करताना हमखास विसरलं जातं.

गाडलेल्या माणसाकडे वेळ फार थोडा असतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचण्याची शक्यता खूप, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. थांबलेला बर्फ लगेच आवळतो, हाताने उकरता येत नाही. मदतपथक तेवढ्यात पोहोचणं कठीण, त्यामुळे सोबतच्यांकडे फावडं असणं महत्त्वाचं.

डीआरडीओची चंदीगढची डीजीआरई ही संस्था हिमालयासाठी हिमस्खलनाचे इशारे देते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तो इशारा पाहा आणि स्थानिक प्रशासनाने रस्ता कुठपर्यंत खुला ठेवलाय, तेही विचारा. ड्रायव्हर "अजून थोडं पुढे नेतो" म्हणाला, तरी नको म्हणा.